मज्जा, मज्जारज्जू आणि रक्ताचे कारखाने

पुण्यातल्या कॉलेजांत मूलपेशी-दात्यांच्या नोंदणीची शिबिरं भरतात. मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्या पेशी. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, फॉर्म भरायचा, झालं. इथवर कुणाचं काही अडत नाही. अडतं ते घरी सांगितल्यावर. 'बोन मॅरो' एवढं कानावर पडलं की आजी विचारते, "अरे, पाठीच्या कण्यातनं काढतात ना ते? उद्या पाय लुळे पडले म्हणजे?" आजीला हसू नये. ही भीती तिला आपल्या भाषेनेच दिली आहे.

बोन मॅरो म्हणजे मज्जा, हाडाच्या पोकळीतला मऊ गर. रक्त तयार होतं ते तिथे. पण मज्जातंतू, मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातली मज्जातंतूंची दोरी), मज्जासंस्था हेही त्याच मज्जेचे शब्द, आणि त्यांचा रक्त बनवण्याशी काडीचा संबंध नाही. घोळ एकट्या मराठीचा नाही. लॅटिनमधल्या 'मेडुला'चा अर्थ मज्जाच, आणि कण्यातल्या दोरीलाही तेच नाव. जर्मन लोक आजही एकाला हाडाचं 'मार्क' म्हणतात आणि दुसऱ्याला पाठीचं 'मार्क'. हाड फोडलं तरी आत मऊ गर, मणके उघडले तरी आत मऊ गर, म्हणून नावही एकच पडलं असावं. हल्लीची पाठ्यपुस्तकं चेतासंस्था, मेरुरज्जू असे शब्द वापरतात, पण घरात मज्जारज्जूच चालतो. शिबिरांच्या फलकांवर अजून 'बोन मॅरो दान' लिहितात, हे मला तरी पटत नाही. सरळ 'रक्तमूलपेशी दान' लिहावं. कारण आता बहुतेक दात्यांच्या हाडाला हातही लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात, हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जातं, हव्या त्या पेशी तिथे वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त परत अंगात येतं. प्रत्यक्ष मज्जा काढायची वेळ आलीच तर ती भूल देऊन, कमरेच्या मागच्या हाडातून.

कमरेचंच हाड का, याचं उत्तर गर्भापासून सुरू होतं. तिसऱ्या आठवड्यात गर्भाला हाडंच नसतात. पहिल्या रक्तपेशी पीतककोशाच्या भिंतीत तयार होतात. (माणसाच्या या पिशवीत पीतक, म्हणजे बलक, नावापुरतासुद्धा नसतो. इथेही शब्दाने दगा दिलाच.) साधारण सहाव्या आठवड्यापासून काम यकृताकडे जातं, प्लीहा थोडा हातभार लावते. मज्जेची सुरुवात अकराव्या आठवड्याच्या आसपास होते आणि सातव्या महिन्यापासून मुख्य जबाबदारी तिची. आयुष्यभर पुरणाऱ्या मूलपेशी पीतककोशातूनच येतात, असं बराच काळ मानलं जाई. 1975 साली फ्रान्समध्ये लाव्याचा गर्भ कोंबडीच्या पीतककोशावर वाढवून पाहिला, तेव्हा त्या पेशी गर्भाच्या स्वतःच्या अंगातून येतात असं दिसलं. पुढे माणसातही त्यांची जागा मुख्य धमनीच्या भिंतीलगत सापडली.

बाळ जन्मतं तेव्हा जवळजवळ सगळ्या हाडांत लाल मज्जा असते. मग हातापायांच्या टोकांकडून ती चरबीने पिवळी होत जाते. पंचविशीपर्यंत लाल मज्जा उरते ती मणके, बरगड्या, छातीचं हाड, कंबर, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकांत. मटणाच्या दुकानात हा फरक दिसतो. कोवळ्या बकऱ्याची नळी फोडली तर गर लालसर, जून बोकडाची फोडली तर पांढुरका, तुपाळ. सुईही त्याच हिशोबाने टोचतात. 1927 मध्ये लेनिनग्राडला एका डॉक्टरने छातीच्या हाडातून सुईने मज्जा काढायची पद्धत आणली. आता मोठ्यांना कमरेतून टोचतात, तान्ह्या बाळाला प्रसंगी नडगीतूनही, कारण तिथली मज्जा अजून लाल असते.

हे सगळं ज्ञान तसं अलीकडचं. मज्जेत रक्त तयार होतं, हे 1868 मध्ये एका जर्मन आणि एका इटालियन संशोधकाने दाखवलं. त्याआधी युरोपातली समजूत यकृताची, आणि आयुर्वेदातही रक्तवह स्रोतसाचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गाचं, मूळ यकृत आणि प्लीहा. गर्भापुरतं हे जुळतं, म्हणून काही जण 'आपल्याला आधीच ठाऊक होतं' म्हणतात. सूत्रकारांच्या नजरेसमोर गर्भाचे आठवडे होते, असं मात्र वाटत नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. 1950च्या दशकात मज्जा प्रत्यारोपणाचे पहिले प्रयत्न, 1983 मध्ये मुंबईत भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण, 1988 मध्ये पॅरिसला नाळेतल्या रक्ताचं पहिलं. त्यानंतर 'बाळाची नाळ जपून ठेवा' अशा जाहिराती प्रसूतिगृहांतून दिसू लागल्या. बाळाला थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, हे त्या जाहिरातींत ठळकपणे लिहिलेलं मला दिसलं नाही.

थॅलेसेमियाचं बाळ जन्मताना ठणठणीत दिसतं. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं, ते काही महिने निभावून नेतं. ते ओसरलं की बाळ फिकट पडू लागतं. उपचार अपुरे पडले तर मज्जा हाडं फुगवते, गालफडं वर येतात आणि यकृत-प्लीहा पुन्हा जुन्या कामाला लागतात. डॉक्टर पोटावर हात ठेवतात तेव्हा बरगडीखाली प्लीहा हाताला लागते. 2023 मध्ये ब्रिटनने मंजुरी दिलेल्या जनुक-उपचारात याच आजारासाठी रुग्णाच्या मूलपेशी शिरेतून काढून त्यांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं बंद पडलेलं बटण पुन्हा सुरू करतात.