जुनी मोडकी बंदूक विकत घ्यायची किंवा दुरुस्त करायची असेल तर: परवाना, कागदपत्रं आणि माणसं नेमकी कुठे अडकतात

घोडा तुटलाय, नळी गंजलीय, दस्त्याला वाळवी लागलीय, मग हिला कसलं लायसन्स, असं लोक सर्रास धरून चालतात आणि इथेच फसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे हे खरं, पण ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. जुन्या बनावटीचं, पुरातन मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार जर दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नसेल, तरच सूट. म्हणजे नवा घोडा बसवल्यावर बार निघणार असेल तर ती आज मोडकी असली तरी कायद्याने बंदूकच आहे. आणि तुम्ही ती दुरुस्त करायलाच घेताय म्हटल्यावर ही सूट मागायला जागाच उरत नाही, कारण ती दुरुस्त होते हे तुम्हीच सांगताय. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि वर दंड आहे, त्यामुळे विकणाऱ्याच्या "अहो शोपीस आहे, घेऊन जा" वर कृपा करून जाऊ नका.

२०२० मध्ये नियम थोडे सैल झाले. क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवण्याजोगी जुनी दुर्मीळ वस्तू, या प्रकारात मोडणारी हातात धरून चालवायची हत्यारं (स्मॉल आर्म्स) भारतीय नागरिकाला परवान्याशिवाय घेता येतात, घरात ठेवता येतात. पण वापरायला, बाळगून फिरायला किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला परवाना लागतोच, आणि हे कुणी सांगत नाही. म्हणजे भिंतीवर टांगलेली ठीक, पण तीच दुरुस्तीला म्हणून गाडीत टाकून शहरात निघालात की प्रकरण वेगळं झालं. आपली वस्तू क्युरिओत बसते हे तुम्ही किंवा विकणाऱ्याने ठरवून उपयोग नाही, परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून ते लेखी घ्या. तोंडी "हो हो चालेल" म्हणणारा साहेब बदलून गेला की पुढचा तेच ऐकत नाही, हे इतक्या जणांच्या बाबतीत घडलंय की राग येतो.

अर्जाचा मार्ग साधा आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय, मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय, फॉर्म ए-१, वयाचा पुरावा (२१ पूर्ण हवीत), ओळखीचा-पत्त्याचा पुरावा, फोटो, फॉर्म एस-३ वर डॉक्टरांचं सर्टिफिकेट, मग पोलीस चौकशी. परवान्याची मुदत आता ५ वर्षं आहे. कलेक्शन करायचा विचार असेल त्यांनी आधीच लक्षात घ्या की एका माणसाला २ च बंदुका, पूर्वी ३ चालायच्या, आणि वारसाने आलेलीसुद्धा या दोनातच मोजतात.

परवानाधारकाकडून विकत घेताना ४५ दिवसांची अट असते आणि ती बहुतेक जण उलटी वाचतात. विकून झाल्यावर ४५ दिवसांत कळवायचं असं नाहीये. विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं, त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे आणि मगच हत्यार हातात द्यायचं. त्या पत्राची पोच, शिक्का आणि तारखेसकट, तुमच्याकडेही ठेवा.

दुसरी अडचण नंबरची. बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण नसलेली बंदूक विकताच येत नाही, आणि जुन्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकांवर नेमकं तेच गंजाने गेलेलं असतं. अशी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी पैसे देऊ नका, आधी कार्यालयात विचारा.

घरातली असेल, म्हणजे आजोबांच्या नावावर होती आणि आजोबा गेले, तर अडतो तो बाकीच्या वारसांच्या नाहरकतीचा कागद. मृत्यूचा दाखला मिळतो, वारस दाखलाही उशिराने का होईना मिळतो, पण मुंबईतल्या आत्याची किंवा भांडण झालेल्या काकांची सही मिळत नाही आणि अर्ज तिथेच पडून राहतो. तोवर बंदूक घरात ठेवू नका. पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा, पावती घ्या, आणि किती दिवसांत परत घ्यायची ते तिथेच विचारून लिहून ठेवा, कारण मुदत उलटली तर ती सरकारजमा होऊ शकते. मूळ मालक हयात असतील आणि वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तर ते असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. हे खरंच करा हो, एका सहीत होणारं काम नंतर सगळ्या भावंडांच्या सह्यांवर जातं.

आता दुरुस्ती. दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच द्यायची, स्वतःचं लायसन्स दाखवून, पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घेऊन. गावातला लोहार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नको. विनापरवाना दुरुस्तीला किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि तुमच्या हौसेपायी त्या बिचाऱ्याचं घर उघड्यावर येईल. कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगा. गंज काढताना नंबर किंवा नाव घासलं जाता कामा नये, तो वेगळा गुन्हा आहे. आणि नळीचं तोंड फाटलंय म्हणून "चार बोटं कापून टाकू" म्हणाला तर थांबवा, नळी आखूड करायला कलम ६ खाली स्वतंत्र परवाना लागतो.

वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष (म्हणजे पुरातन वस्तूंचा) कायदाही लागतो. धंदा म्हणून खरेदी-विक्री करायची तर त्याचं लायसन्स वेगळं, आणि अमेरिकेतल्या पुतण्याला आठवण म्हणून अशी बंदूक पाठवायची असेल तर ते होणार नाही, खाजगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. वयाची शंका असेल तर कुरियरवाल्याला नाही, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा.