इनटेक बदलण्याआधी नळीतल्या लाटा समजून घ्या

जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली की पहिला सल्ला ठरलेला: इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट, बदल. कंपनीचा काळा एअर बॉक्स (फिल्टरची पेटी) काढून टाक, मोठ्या नळीवर उघडा कोन-फिल्टर (शंकूच्या आकाराचा) बसव, गाडी मोकळा श्वास घेईल. इंजिन हवेसाठी तळमळतंय आणि कंपनीने त्याची वाट अडवून ठेवलीय, असा या सल्ल्यामागचा समज आहे. थोडा अडथळा असतो, हे खरं. तो किती आहे हे मात्र मोजता येतं, आणि पैसे खर्च करण्याआधी मोजावंच.

दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेरे) मिनिटाला 3000 वेळा आपले सगळे सिलिंडर भरून घेतं. म्हणजे सेकंदाला 100 लिटर हवा, वजनात साधारण 120 ग्रॅम. एवढी हवा फिल्टरमधून ओढताना दाब थोडा उतरतो. तो मोजायला पारदर्शक नळी यू आकारात वाकवा, तिच्यात रंगीत पाणी भरा, एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्यामध्ये जोडा, दुसरं उघडं ठेवा. यूचे हात मीटरभर लांब हवेत, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. मग डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि शेजारी बसलेल्याने पाण्याची पातळी वाचायची. दोन हातांतल्या पाण्यात 10 सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास 1 किलोपास्कल. वातावरणाचा दाब 101 किलोपास्कल असतो. फरक 20 सेंटिमीटर आला तर अडथळा 2 टक्के. 150 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला कितीही मोकळा इनटेक लावला तरी या मार्गाने 3 हॉर्सपॉवरच्या आसपासच हाती लागणार. फरक बराच जास्त दिसला, तर आधी नवा फिल्टर घालून पुन्हा मोजा. अनेकदा दोष तुंबलेल्या कागदाचा असतो.

उघड्या फिल्टरची दुसरी अडचण तापमानाची. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. 20 अंशांची हवा म्हणजे 293 केल्व्हिन, बॉनेटखालची 60 अंशांची हवा म्हणजे 333. तेवढ्याच आकारमानात ऑक्सिजन 12 टक्क्यांनी घटला. 2 टक्के अडथळा काढण्यासाठी 12 टक्के घनता गमावणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जाहिरातीतली चाचणी बॉनेट उघडं ठेवून, समोर मोठा पंखा लावून घेतली असेल, तर हा तोटा आलेखात दिसतच नाही. म्हणून फिल्टर बंद पेटीत हवा आणि पेटीचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूच्या थंड हवेत. मात्र ते तोंड इतकं खाली नको की साचलेलं पाणी आत खेचलं जाईल. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पुरेसं पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या भागाकडे येतो. इनटेकमधली हवा नदीसारखी सलग वाहत नाही. ती धक्क्याधक्क्याने चालते आणि प्रत्येक धक्क्याची लाट होते. इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन वेगाने खाली जातो, व्हॉल्व्हपाशी दाब पडतो. ही कमी दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 340 मीटर, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) नळीतून उलटी धावते. नळी जिथे मोठ्या पोकळीत उघडते तिथे ती परावर्तित होते, आणि उघड्या टोकावरून परतताना तिचं चिन्ह पालटतं: गेली कमी दाबाची, आली जास्त दाबाची. ही परतलेली लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या जरा आधी पोहोचली, तर पिस्टन वर निघालेला असतानाही आणखी थोडी हवा सिलिंडरमध्ये रेटते. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, फक्त नळीची लांबी!

पण वेळ साधावी लागते. 40 सेंटिमीटरच्या नळीत जाऊन येऊन 80 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 2.35 मिलिसेकंद. तेवढ्यात 6000 आरपीएमला क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) 85 अंश फिरतो, 3000 ला जेमतेम 42. म्हणून एक लांबी एका ठरावीक पट्ट्यातच साथ देते. क्रायस्लरने 1960 च्या 300एफ मध्ये मधल्या वेगांवर जोर मिळावा म्हणून 30 इंच लांब नळ्या दिल्या, आणि वरच्या वेगांसाठी आखूड परिणामाची दुसरी आवृत्ती काढली. 1991 ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या माझदा 787बी मध्ये तर नळ्यांची लांबी धावता धावता बदलत असे.

आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून विकत घेतलेला इनटेक या नळ्यांना हात लावत नाही, तो थ्रॉटलच्या अलीकडचा भाग बदलतो. तरी पूर्ण थ्रॉटलला थ्रॉटलची झडप वाटेत आडवी राहत नाही, आणि अलीकडची नळी व मॅनिफोल्डची पोकळी मिळून एकच कंप पावणारी व्यवस्था होते. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के देतं: 3000 आरपीएमला सेकंदाला 100, म्हणजे 100 हर्ट्‌झ. नळीची लांबी बदलली की टॉर्कच्या आलेखातले उंचवटे आणि खड्डे सरकतात. एखादा इनटेक 6000 ला फायदा देतो आणि रोजच्या 3000 ला तोच गाडी मंद करतो, त्याचं हे एक मोठं कारण.

कंपनीच्या नळीला बाजूला एक रिकामा डबा चिकटलेला दिसतो. हवेच्या वाटेत तो नसतो, म्हणून निरुपयोगी समजून लोक फेकून देतात. तो हेल्महोल्ट्‌झ रेझोनेटर आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो एकच स्वर निघतो, तेच भौतिकशास्त्र. वारंवारता डब्याच्या आकारमानावर, मानेच्या लांबीवर आणि छेदावर ठरते. 3 लिटरचा डबा, 10 चौरस सेंटिमीटर छेदाची आणि 10 सेंटिमीटर लांबीची मान घेऊन गणित केलं तर उत्तर जवळजवळ 100 हर्ट्‌झ येतं, नेमकं 3000 आरपीएमचं. त्या वेगाला घुमणारा आवाज हा डबा विरुद्ध कलेत (लाटेच्या नेमक्या उलट तालात) हलून गिळतो. तो काढला की गाडी गर्जते आणि चालकाला ताकद वाढल्यासारखी वाटते. आवाज वाढला, एवढंच सिद्ध झालं. नळीत पाती बसवून हवेला भोवरा देणारी उपकरणं आणि पेट्रोलच्या पाइपावर बांधायचे चुंबक यांच्यावर तर एक पैसाही घालवू नका. पाती हवेला अडथळाच करतात, आणि चुंबकाने पेट्रोलचं ज्वलन सुधारत नाही.

निवड करताना हवा मोजणारा सेन्सर कोणता आहे ते पाहा. 1980 च्या दशकातल्या पोर्शे 944 मध्ये, किंवा पहिल्या 1.6 लिटर माझदा एमएक्स-5 मध्ये, स्प्रिंगवर झुलणारी झडप असते. ती स्वतःच अडथळा आहे. तिच्या अलीकडे कितीही मोठी नळी लावा, झडप तिथेच राहते. हॉट-वायर सेन्सर असेल तर तापलेली तार हवेने किती थंड होते यावरून इंजिनाचा संगणक हवेचं वजन काढतो, पण कंपनीच्या नळीचा व्यास गृहीत धरून. 65 मिलिमीटरच्या जागी 75 ची नळी आली तर छेद 33 टक्क्यांनी वाढतो, हवेचा वेग चतुर्थांशाने घटतो, आणि संगणकाला हवाच कमी आल्यासारखी वाटते. इंधन कमी पडतं, पूर्ण जोरात नॉकिंगचा (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याचा) धोका वाढतो. म्हणून सेन्सरच्या जागी आतला व्यास मूळचाच हवा, आधी थोडी सरळ नळी हवी आणि जाळी असेल तर ती राहू द्यावी. तेल लावायचा फिल्टर असेल तर तेल बेताने. जास्तीचं तेल उडून तारेवर बसतं.

बसवताना जुन्या रबरी बुटाच्या (थ्रॉटलला जोडणाऱ्या घडीदार नळीच्या) घड्या ताणून बघा, चिरा तिथेच लपतात. इंजिनातल्या वाफा आणणारी ब्रीदरची नळी पूर्वीसारखीच सेन्सर आणि थ्रॉटलच्या मध्ये जोडा. क्लॅम्प हवाबंद होण्यापुरतेच आवळा. मग स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात करत असलेली दुरुस्ती) वाचा, बदलाच्या आधी आणि नंतरही. अधिक चिन्ह म्हणजे संगणक इंधन वाढवतोय. आकडा आयडलला (गाडी उभी, इंजिन रिकामं चालू) मोठा आणि वेग वाढला की उतरत असेल, तर गळती थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डकडे शोधा. सगळ्या वेगांना सारखाच वाढला असेल, तर नळीचा व्यास चुकलाय किंवा बूट फाटलाय. दोन्हींतलं कोणतं, ते नळीत धूर सोडला की लगेच कळतं.