पासवर्ड सुरक्षा : प्रचलित गैरसमज

पासवर्ड (परवलीचा शब्द, संकेतशब्द) म्हणजे संगणकाला आपली ओळख पटवण्यासाठी द्यायची गुप्त खूण. तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच चित्रातून निघतात : चोर लॉगिनच्या चौकटीसमोर बसून एकेक अंदाज करून पाहतो आहे. असा चोर सहसा पाचदहा चुकांतच अडतो. मोठा धोका असतो तो संकेतस्थळाने साठवलेली पासवर्डांची यादीच चोरीला जाण्याचा. यादी हाती आली की स्वतःच्या घरी बसून हवे तितके अंदाज करायला त्याला कोणी अडवत नाही.

हा धोका पासवर्डइतकाच जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात अनेकजण एकच संगणक वाटून वापरत; तिथल्या सीटीएसएस या प्रणालीत १९६०च्या दशकाच्या आरंभी पासवर्ड आले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचे संगणक-तास पुरेनात, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली.

‘साइटवाले पासवर्ड एन्क्रिप्ट करून (सांकेतिक कुलपात) ठेवतात’ असे सर्रास म्हटले जाते. कुलूप लावलेली वस्तू किल्लीने पुन्हा बाहेर काढता येते; पासवर्ड तसा ठेवणे हीच चूक. नीट चालवलेल्या ठिकाणी फक्त त्याचा हॅश, म्हणजे त्याच्यापासून गणिताने काढलेली आणि उलट न फिरणारी खूण, साठवतात. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर जुना पासवर्डच ई-मेलने आला, तर तिथली साठवण सदोष आहे हे नक्की समजावे.

मात्र हॅश केला की काम झाले, हाही गैरसमजच. चोर एकेका अंदाजाचा हॅश काढून तो यादीशी ताडून पाहतो, आणि एकाच पासवर्डाचे हॅश सारखे असले तर एका अंदाजात सगळे सापडतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी १९७९ मध्येच ‘सॉल्ट’ची गरज मांडली होती : प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक भर घालायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावरून फुटलेले सुमारे ६५ लाख हॅश सॉल्टविना होते. दुसरी अडचण वेगाची. एमडी५, एसएचए-१ ही हॅश काढण्याची गणिते झटपट होण्यासाठीच घडवलेली आहेत. इंग्रजीतील आठ लहान अक्षरांच्या जुळण्या सुमारे २०,८८३ कोटी होतात. सेकंदाला हजार कोटी हॅश काढणाऱ्या यंत्राला त्या संपवायला जेमतेम २१ सेकंद लागतात. बीक्रिप्ट (१९९९) आणि २०१५ च्या स्पर्धेत निवडले गेलेले आर्गॉन२ ही पासवर्डांसाठीची हॅश-गणिते मुद्दाम संथ ठेवली आहेत ती यासाठी.

मोठे अक्षर, आकडा आणि चिन्ह हवेच, शिवाय दर तीन महिन्यांनी बदल हवा, हा आग्रह कार्यालयांत अजून टिकून आहे. रोमन लिपीतला ‘गणेश@१२३’ अक्षरांच्या सगळ्या अटी पाळतो आणि तरीही कुचकामी ठरतो, कारण फोडणाऱ्यांची साधने असल्या साच्यांपासूनच सुरुवात करतात. सक्तीने बदलायला लावले की माणूस १२३ चे १२४ करतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील २०१० च्या अभ्यासात जुना पासवर्ड ठाऊक असल्यास ४१ टक्के वेळा नवा तीन सेकंदांत निघाला. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये दोन्ही सक्ती सोडून दिल्या आणि लांबीवर, तसेच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहण्यावर भर दिला. जुन्या नियमांचे लेखक बिल बर यांनी त्याच वर्षी त्यांबद्दल खेदही व्यक्त केला.

ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह वाटेतली वाहतूक सुरक्षित असल्याचे सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे नव्हे. फसव्या साइटलाही ते मिळते.

देवनागरीत पासवर्ड ठेवला की कोणालाच फोडता येणार नाही, हा आपल्याकडचा खास समज. तसा पासवर्ड चालतो, पण संगणक अक्षराचे रूप पाहत नाही, त्यामागचे आकडे पाहतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन रीतींनी लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची नेहमीची रीतही ही दोन रूपे एक करत नाही. त्यामुळे फोनवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या कीबोर्डवरून टाकताना ‘चुकीचा’ ठरू शकतो. शिवाय यूटीएफ-८ या साठवणीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. बीक्रिप्टची मर्यादा ७२ बाइटांची, म्हणजे २४ चिन्हांची. त्यापुढची चिन्हे काही प्रणालींत निमूटपणे गाळली जातात.