जांभळकंठी कॅरिब

जांभळकंठी कॅरिब (शास्त्रीय नाव : युलँपिस जुग्युलॅरिस) हा कॅरिबियन समुद्रातील लेसर अँटिलीस बेटांवरचा गुंजनपक्षी. डॉमिनिका, सेंट लुशिया, मार्टिनिक, ग्वादेलूप या डोंगराळ बेटांच्या दमट जंगलांत तो प्रामुख्याने आढळतो. लांबी सुमारे 11 ते 12 सेंमी. म्हणजे गुंजनपक्ष्यांत तो थोराडच. अंग काळे, पंख चकचकीत हिरवे. गळ्याचा जांभळट लाल रंग मात्र उन्हाचा कोन जुळला तरच पेटतो, एरवी पक्षी काळाच वाटतो. भारतात गुंजनपक्षी नाहीत. आपल्याकडे त्या नावाने दाखवले जाणारे पक्षी बहुधा शिंजीर असतात.

या जातीचे खरे वैशिष्ट्य चोचीत आहे. नर आणि मादी दिसायला सारखे, पण नर वजनाने जास्त आणि चोचीने आखूड. मादीची चोच त्याच्यापेक्षा लांब आणि अधिक बाकदार. याचे कारण हेलिकोनियाच्या फुलांत सापडते. केळीची नातलग असलेल्या या झाडाचे मोठे, रंगीत छद (फुलांभोवतीची पानासारखी आवरणे) होडीसारखे खोलगट असतात, त्यांत पावसाचे पाणी साचते आणि खरी फुले त्यांतून जेमतेम डोकावतात. ‘हेलिकोनिया कॅरिबिया’ची फुले आखूड व कमी वाकडी, पण मध भरपूर, ती नर अडवून बसतो. ‘हेलिकोनिया बिहाय’ची लांब, वाकडी फुले मादीच्या वाट्याला येतात आणि तिच्या चोचीला चपखल बसतात.

इथन टेमेलेस आणि जॉन क्रेस या संशोधकांनी 2003 मध्ये मांडलेला सेंट लुशियाचा दाखला तर आणखी बोलका आहे. तिथे कॅरिबिया जिथे विरळ आहे, तिथे बिहायचाच आखूड फुलांचा एक प्रकार आढळतो, आणि नर त्याच्यावर जातो. पक्षी आणि फूल यांनी एकमेकांना घडवल्याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

नर आपली फुले इतरांना सहसा चाखू देत नाही. मादीने मात्र यावर तोड काढली आहे : विणीचा हंगाम नसतानाही ती प्रणयचेष्टा करते आणि नराच्या राखीव फुलांतला मध पिऊन जाते. लॅरी वूल्फ यांनी 1975 मध्ये याची नोंद केली.

घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिले वाढवणे ही कामे मादी एकटीच करते. अंडी दोन. मधाबरोबर लहान किडे व कोळीही खाल्ले जातात. जातीला सध्या धोका नाही. तरी चक्रीवादळात जंगलाची फुले झडली की खाण्याचे हाल होतात, आणि 2017 च्या ‘मारिया’ने डॉमिनिकाची जंगले पार ओरबाडली होती.