असीरगड

असीरगड : सातपुड्याच्या रांगेतील प्रसिद्ध डोंगरी किल्ला; खानदेशच्या फारुकी सुलतानांचे मुख्य बळस्थान. बुऱ्हाणपूर शहराच्या उत्तरेस सुमारे २० किमी. अंतरावर असलेला हा गड आज मध्य प्रदेशात मोडतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर ओलांडले की महाराष्ट्राची हद्द संपते, पण इतिहासात थाळनेर, लळिंग, बुऱ्हाणपूर आणि असीर हा एकच मुलूख होता. या गडाशिवाय खानदेशचा इतिहास सांगताच येत नाही.

नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी मोठी वाट सातपुड्यातील ज्या खिंडीतून येते, तिच्यावर असीरगडाची थेट नजर आहे. दिल्ली-आग्र्याहून निघालेली फौज, सुरतेकडे जाणारा व्यापारी तांडा, दक्षिणेत नेमणूक झालेला सुभेदार, सगळे याच वाटेने जात. त्यामुळे गडाला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत. पायथ्यापासून गड सुमारे २५० मीटर उंच उठतो. त्याची रचना तीन टप्प्यांची : सर्वांत वरचा असीरगड, त्याखाली कमरगड आणि सर्वांत खाली मलयगड. वरच्या भागाला बहुतेक बाजूंनी तासल्यासारखा कडा आहे. माथ्यावर पावसाचे पाणी साठवणारे तलाव आहेत. धान्य भरलेले असले, तर आतल्या माणसांना बाहेरच्या जगाची गरज उरत नसे.

असा अहीर आणि डोल्यांची कथा

गडाचे नाव असा नावाच्या अहीर सरदाराशी जोडले जाते. फार्सी इतिहासकार फिरिश्ता याने दिलेल्या कथेनुसार असा हा मोठा पशुधनाचा धनी. दुष्काळात त्याने आपली कोठारे लोकांसाठी उघडली होती. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याला १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेर आणि करवंद हे परगणे मिळाले. दोन्ही ठिकाणे आजच्या शिरपूर तालुक्यात आहेत, आणि थाळनेरला फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्याचा थोरला मुलगा नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर होता. त्याने असाला निरोप पाठवला की, शत्रूंनी मला घेरले आहे, माझ्या घरच्या स्त्रियांना तुझ्या गडावर आसरा दे. असाने होकार दिला. डोल्या गडावर चढल्या आणि त्यांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. पाहुण्यांच्या स्वागताला मुलांसह आलेला असा तेथेच मारला गेला.

डोल्यांतून शिपाई नेल्याची कथा हिंदुस्थानातील इतर किल्ल्यांबाबतही सांगतात, म्हणून तिचा तपशील जपून घ्यावा. नासिरखानाच्या काळात गड फारुकींकडे आला, एवढे मात्र पक्के. पुढे त्यानेच तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. हे नाव सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून आले. दुसऱ्या आदिलखानाने (कारकीर्द १४५७–१५०१) गडाची तटबंदी वाढवली. गुजरात, माळवा आणि अहमदनगर या तीन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये हे छोटे राज्य दोनशे वर्षे टिकले, त्याचे मोठे श्रेय या गडाला द्यावे लागते. संकट आले की सुलतान बुऱ्हाणपूर सोडून असीरवर जाई आणि शेजारी वाट पाहून थकत.

अकबराचा वेढा आणि न सुटलेले कोडे (१६००–१६०१)

राजा अलीखान फारुकी हा धोरणी सुलतान होता. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरून घेणारा हाच, त्या लेखात शके १५११ (इ. स. १५९०) चा काळ दिलेला आहे. मोगलांचे वर्चस्व मान्य करून त्याने राज्य राखले आणि १५९७ मध्ये दख्खनी फौजांविरुद्ध मोगलांच्या बाजूने लढताना तो पडला. त्याचा मुलगा बहादुरखान याने मात्र बादशहापुढे हजर होण्याचे टाळले आणि तो असीरवर जाऊन बसला.

१६०० च्या वसंतात अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला आला. शहर विनासायास हाती लागले, गड लागेना. उत्तरेत शाहजादा सलीमने बंडाचा पवित्रा घेतला होता, त्यामुळे बादशहाला घाई होती. डिसेंबरमध्ये मोगलांनी चोरवाटेने चढून मलयगड घेतला. या हल्ल्यात ‘अकबरनामा’ लिहिणारा अबुल फजल स्वतः होता. जानेवारी १६०१ मध्ये वरचा गडही बादशहाच्या स्वाधीन झाला. तो कसा झाला, यावर चार शतके वाद चालू आहे.

मोगल बखरकारांच्या मते गडात रोगराई पसरली. फैजी सरहिंदीने या रोगाचे वर्णन केले आहे : कमरेखालचे अंग लुळे पडे आणि डोळ्यांची नजर मंद होई. माणसे धीर सोडत गेली, बहादुरखान खाली उतरून शरण आला आणि शिबंदीने दरवाजे उघडले. बादशहाच्या छावणीत असलेला जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) पाद्री जेरोम झेवियर याच्या पत्रांवर आधारलेला वृत्तान्त वेगळे सांगतो. त्यानुसार सुखरूप परत पाठवू अशी शपथ देऊन बहादुरला खाली बोलावले आणि तेथेच अडकवले. किल्ल्याच्या हबशी सेनापतीने आपल्या मुलाला जाब विचारायला पाठवले. तो मारला गेला. त्या दुःखाने आणि संतापाने सेनापतीने स्वतःचा जीव घेतला. गडावर कैदेत ठेवलेल्या फारुकी राजपुत्रांपैकी एकही गादीवर बसायला तयार होईना. शेवटी सोन्याच्या थैल्यांनी दरवाजे उघडले.

इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने विसाव्या शतकाच्या आरंभी जेझुइट वृत्तान्त खरा मानला आणि रोगराईची गोष्ट दरबारी सारवासारव ठरवली. पुढच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली, आणि ती रास्त आहे. पोर्तुगीजांचा कल फारुकींकडे होता. गडाच्या तोफांवर पोर्तुगीज अधिकारी होते. म्हणजे पोर्तुगीजांच्या आश्रयाने वावरणारे जेझुइटही तटस्थ नव्हते. अबुल फजल तर लढाईत भागीदारच होता. हजारो माणसे आणि जनावरे महिनोन्‌महिने एका माथ्यावर कोंडली गेल्यावर साथ पसरणे अगदी शक्य आहे, आणि साथीने खचलेल्या शिबंदीला पैशाने फोडणे त्याहून सोपे. दोन्ही वृत्तान्तांपैकी एकच खरा असला पाहिजे, हा स्मिथचा आग्रह टिकणारा वाटत नाही. दोघांचे एकमत आहे ते असे : वरच्या गडाच्या दरवाजांवर निकराचा हल्ला करून तो जिंकलेला नाही, आणि खाली उतरलेला बहादुरखान पुन्हा वर गेला नाही. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

हा अकबराचा शेवटचा मोठा विजय. त्याच्या स्मरणार्थ असीरच्या नावाने सोन्याची मोहर पाडण्यात आली. तिच्यावर ससाणा पक्षी आहे आणि अकबराने सुरू केलेल्या इलाही सनाच्या ४५ व्या वर्षाचा उल्लेख आहे. शाहजादा दानियालला सुभेदारी मिळाली आणि त्याच्या नावावरून खानदेशला काही काळ ‘दानदेश’ म्हटले गेले. ३१ डिसेंबर १६०० रोजी, म्हणजे वेढ्याच्या अखेरच्या दिवसांत, लंडनमध्ये राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. आग्र्याला परतणाऱ्या बादशहाला या कंपनीचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पंधरा वर्षांत मात्र इंग्रज वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपूरला शाहजादा परवेझच्या दरबारात उभा होता.

निजाम, पेशवे, शिंदे

१७२० मध्ये हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष निजामुल्मुल्क याने लढाई न करता गड मिळवला. १७६० मध्ये उदगीरच्या पराभवानंतर निजामाने जो मुलूख पेशव्यांना दिला, त्यात असीरगड होता. पुढे तो शिंद्यांकडे गेला. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर घेऊन लगोलग असीरवर तोफा लावल्या आणि २१ ऑक्टोबरला गड घेतला. त्याच वर्षीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला.

१८१९ : मराठ्यांची अखेरची झुंज

पेशवाई संपल्यावरही असीरवर शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड ठाम होता. इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरातून असीरच्या आसऱ्याला आले. त्यांच्याबरोबरचा पेंढारी सरदार चितू याला आत घेतले गेले नाही. जवळच्या जंगलात त्याला वाघाने मारले. दौलतराव शिंद्यांनी गड इंग्रजांच्या हवाली करण्याचा उघड हुकूम दिला होता, तरी जसवंतराव हटला नाही. इंग्रज सेनानी डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी वेढा घातला. वेढ्यात इंग्रजांच्याच दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्यांचे अनेक शिपाई ठार झाले. ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला आणि तिसरे इंग्रज-मराठा युद्ध येथेच संपले.

आत शिरलेल्या इंग्रजांना शिंद्यांचे गुप्त पत्र सापडले : उघड हुकुमाच्या नेमका उलट आदेश. जसवंतरावाचा हट्ट म्हणजे धन्याच्या आज्ञेचे पालनच होते. या पत्राचे निमित्त करून कंपनीने गड कायमचा ठेवून घेतला. अप्पासाहेब मात्र हाती लागले नाहीत. वेषांतर करून ते पंजाबपर्यंत गेले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले.

अश्वत्थाम्याची श्रद्धा

गडावरच्या शिवमंदिरात पहाटे कोणी येण्याआधीच पिंडीवर ताजे फूल वाहिलेले असते आणि ते अश्वत्थामा वाहतो, अशी परिसरात दृढ श्रद्धा आहे. ही समजूत एकट्या असीरची नाही. सातपुड्याच्या पश्चिम भागात, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंबा शिखर अश्वत्थाम्याचे मानले जाते. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो डोंगरात फिरतो, असे तेथले लोक सांगतात, आणि धनत्रयोदशीपासून दिवाळीच्या दिवसांत हजारो लोक, त्यांत मोठ्या संख्येने आदिवासी, ती अवघड चढण चढतात. चिरंजीव शापिताची ही कथा सातपुड्याच्या दोन टोकांना सारखीच भेटते, आणि गडावर आलेल्या-गेलेल्या सत्तांचा तिच्यावर काही परिणाम झालेला दिसत नाही.

सद्यःस्थिती

गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. माथ्यावर फारुकी काळातील दोन मिनारांची जामा मशीद, शिवमंदिर, तलाव आणि इंग्रजी छावणीच्या इमारतींचे अवशेष आहेत. दरवाज्यांजवळच्या कातळावर अकबर, शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील फार्सी लेख आहेत. भुसावळ-खंडवा लोहमार्गावर बुऱ्हाणपूरला उतरून खंडव्याच्या रस्त्याने पायथ्याशी जाता येते.