एएमई लायसन्स: पात्रता, कागदपत्रं आणि टूलचा हिशेब

दुरुस्तीनंतर विमान पुन्हा उडायला सोडण्याची सही ज्याची चालते तो एएमई, अर्थात एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. त्याचं लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, सीएआर-६६ या नियमावलीखाली देतं. इन्स्टिट्यूट ते देत नाही, जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

पात्रता

वय किमान १८. बारावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन, किंवा समकक्ष. लायसन्सच्या गटांपैकी टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी बी१.१ आणि एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी, बी२ या गटांना सर्वाधिक मागणी. या दोन्हींसाठी सीएआर-१४७ (प्रशिक्षण संस्थांची नियमावली) मान्यतेच्या संस्थेतून कोर्स केला असेल तर प्रत्यक्ष विमानांवरचा २ वर्षांचा अनुभव पुरतो. कुठलंच तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर तो ५ वर्षांचा लागतो. म्हणून फी भरण्याआधी संस्थेची मान्यता चालू आहे का, आणि ती तुमच्याच गटासाठी आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा.

मॉड्यूलच्या, म्हणजे अभ्यासक्रमातल्या एकेका विषयाच्या, परीक्षा डीजीसीएच्या. पास व्हायला ७५ टक्के.

मॉड्यूल ७ रटून भागत नाही

मेंटेनन्स प्रॅक्टिसेसच्या या मॉड्यूलमध्ये टूलची निगा, नियंत्रण आणि कॅलिब्रेशन (टूलचं माप अचूक आहे का याची तपासणी) येतं. मुलं ते मार्कांपुरतं करतात. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस अँजेलिसला क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एका ए३८० विमानाच्या इंजिनाची बोअरस्कोप तपासणी (आत कॅमेरा घालून) झाली आणि इंजिन फिरवायला वापरलेलं १.२५ मीटरचं नायलॉनचं टूल आतच राहिलं. ते पोटात घेऊन विमान ३४ वेळा, जवळपास २९४ तास उडालं. काम संपल्यावरच्या तपासणीत ते कुणाला दिसलं नाही, आणि टूल परत आलेलं नसतानाही हरवलेल्या टूलची प्रक्रिया सही होण्याआधी सुरू झाली नाही.

नीट चाललेल्या हँगरमध्ये शॅडो बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली असते. पाना नेताना त्या जागी आपल्या नंबरचं टोकन अडकवायचं. रिकामी आकृती लांबूनही दिसते. टॉर्क रेंचवरच्या (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) कॅलिब्रेशन स्टिकरची तारीख उलटली असेल तर तो हातात घ्यायचाच नाही. ड्रिल बिट मोडलं तर तुकडे जुळवून पूर्ण बिट परत द्यायचं. काही हरवलं तर काम थांबवून लगेच कळवायचं, आणि ते विमानात नाही याची खात्री पटेपर्यंत सही नाही. शिफ्ट संपत आलेली असली तरीही.

लॉगबुक आणि अर्ज

अर्ज सर्वांत जास्त इथेच रखडतो. मुंबईत असा की नागपूरच्या मिहानमध्ये, केलेल्या कामाची लॉगबुकमध्ये नोंद त्याच दिवशी करा: तारीख, विमानाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक, नेमकं काम, देखरेख करणाऱ्याची सही. ‘मेंटेनन्सला मदत केली’ ही नोंद नव्हे. ‘मेन व्हील बदललं, एक्सल नट मॅन्युअलप्रमाणे टॉर्क केला’ ही नोंद. सह्या वर्षअखेरीस गोळा करू म्हणालात तर तोवर सही देणारे सर दुसऱ्या बेसवर गेलेले असतात!

अर्ज ई-जीसीए पोर्टलवर होतो. जन्मतारखेचा पुरावा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कोर्सचं प्रमाणपत्र, मॉड्यूलचे निकाल, प्रमाणित लॉगबुक, फोटो आणि सही तयार ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. मराठी नावांत वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, त्यावरून हरकत निघू शकते. फी पोर्टलवर दिसेल तीच धरा, एजंट सांगेल ती नव्हे.

लायसन्सची मुदत ५ वर्षं. सहीचा अधिकार टिकवायला मागच्या २ वर्षांत ६ महिन्यांचा मेंटेनन्सचा अनुभव दाखवावा लागतो. आणि नुसत्या लायसन्सवर ए३२० सारखं विमान सोडता येत नाही: त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची पात्रता, लायसन्सवर चढलेलं हवं, शिवाय ज्या सीएआर-१४५ (मान्यताप्राप्त देखभाल) संस्थेत काम करता तिचं स्वतंत्र ऑथरायझेशनही, म्हणजे सहीची परवानगीही, हवं. नोकरी बदलली की हे ऑथरायझेशन नव्याने घ्यावं लागतं.