प्रागच्या घड्याळजीचे डोळे कोणी काढले?

प्रागची तीन-चार दिवसांची सहल आखताना जुन्या नगरभवनाचं खगोलीय घड्याळ यादीत असतंच. त्यासोबत एक गोष्टही हमखास ऐकायला मिळते: हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने बनवलं आणि दुसऱ्या शहराला तसंच करून देऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे फोडले. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेची ही सख्खी बहीण, आणि तितकीच खोटी.

घड्याळ 1410 सालचं. ते बनवलं कादान्य गावच्या मिकुलाशने. खगोलाची बाजू विद्यापीठातले यान शिंदेल यांची मानतात. 1410 च्याच एका दस्तात मिकुलाशचं नाव, कौतुकासह आहे. हानुश त्यानंतर कित्येक दशकांनी आला आणि त्याने घड्याळाची देखभाल केली. सोळाव्या शतकात श्रेय चुकून त्याच्या खात्यावर जमा झालं, ते विसाव्या शतकापर्यंत तिथेच राहिलं.

गंमत म्हणजे खरं बघण्यासारखं लोक बघतच नाहीत. तासाला सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे सरकतात, कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभरात उरकतं आणि गर्दी पांगते. (तेवढ्यात पाकीट सांभाळा.) तुम्ही मात्र थांबा. बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात, म्हणून ते कडं ऋतूप्रमाणे सरकतं. अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा चंद्राच्या कला दाखवतो. खालच्या कॅलेंडरवरची महिन्यांची मूळ चित्रं मात्र एकोणिसाव्या शतकातली, चित्रकार योसेफ मानेसची; घड्याळावर दिसते ती त्यांची नक्कल.